हात मागे, बाई!

आदरणीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावर विराजमान कार्यकारिणीचे सन्माननीय सदस्य, आजच्या सत्कारमूर्ती आणि आज निवृत्त होणाऱ्या आपणा सर्वांच्या ग्रंथपालबाई, पहिल्या रांगेत कोट घालून अवघडलेले बाईंचे यजमान, माझे सहकारी, आणि आज पुस्तक बदलायचं नसतानाही आवर्जून आलेल्या वाचक बंधुभगिनींनो,

सुरुवातीलाच एक खुलासा करतो. माझ्यामागे हा जो पांढराशुभ्र पडदा दिसतोय, त्यावर खरं म्हणजे बाईंची छायाचित्रं दिसायला हवी होती. ती काही केल्या दिसेनात. आपल्या टायपिस्ट आजी तिकडे टेबलाशी संगणक घेऊन खटपट करताहेत. बाई, तुम्ही उठू नका हं. आज तुम्ही पाहुण्या आहात. बसा. हात मागे!

आत्ता जे हसले, ते सगळे तळमजल्यावरच्या संगणकखोलीतले. जे हसले नाहीत, त्यांच्यासाठी सगळं पहिल्यापासून सांगायला हवं.

मी या ग्रंथालयाचा बाइंडर. उसवलेली पुस्तकं शिवणं हे माझं काम. बोलणं हा माझा प्रांत नाही, असं मी म्हटलं तर आमच्या घरी कुणी मान्य करणार नाही, पण व्यासपीठावरून बोलायची ही पहिलीच खेप. तेव्हा सांभाळून घ्या.

तर, ती खोली. तिथे कोण येतं? पेन्शनीचं काम असलेले येतात, नोकरीचे अर्ज करणारे येतात, नव्या गळ्यांचे नमुने बघायला आपल्या शिंपीणताई येतात. मध्यंतरी असं झालं की त्या संगणकांवर जी प्रणाली होती, म्हणजे ती ऑपरेटिंग सिस्टिम, ती कंपनीने म्हातारी ठरवली. नवी आणावी तर आमच्या संगणकांना ती पेलेना. कार्यकारिणीत ठराव आला की खोली बंद करावी आणि तिथे मोडक्या खुर्च्या ठेवाव्यात. मोडक्या खुर्च्यांना बरेच दिवस जागा हवीच होती.

बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "दुसरी एक प्रणाली आहे. लिनक्स. मुक्त आहे, ती याच संगणकांवर चालेल."

अध्यक्षमहोदय तेव्हा म्हणाले, "बाई, हे संगणकवाल्यांचे खेळ. सामान्य माणसाला झेपणार आहे का?"

प्रश्न रास्त होता. पण तपासून बघायला सामान्य माणूस आणायचा कुठून? बैठकीला बसलेल्यांपैकी कुणीच स्वतःला सामान्य म्हणवून घ्यायला तयार होईना. तेवढ्यात मी जुन्या अहवालांचा बांधलेला खंड घेऊन आत शिरलो, आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. त्या दिवसापासून मी या संस्थेचा अधिकृत सामान्य माणूस आहे.

मी बाईंना विचारलं, मुक्त म्हणजे काय हो? त्या म्हणाल्या, "तुमच्या शिवलेल्या पुस्तकासारखं. शिवण उसवून आत बघता येतं, उलटं लागलेलं पान सुलटं करता येतं, परत शिवता येतं आणि दुसऱ्याला खुशाल देता येतं. जुनं होतं ते सरसाने चिकटवलेलं. आत बघायची सोय नाही." मला त्यातली शिवण तेवढी कळली. पण तेवढी पुरली.

आता आमच्या ग्रंथालयाची एक खोड सांगतो. इथे काम मागाहून होतं, सूचना आधी लागते. नवं पुस्तक कपाटात जायच्या आधी त्याचं कार्ड खणात जातं, तशातलाच प्रकार. बाईंनी सोमवारी दारावर सूचना लावली, 'संगणकांवर नवी प्रणाली बसवली आहे.' आणि त्याच दुपारी त्यांना सणकून ताप भरला.

तो आठवडा काय वर्णावा! निवृत्त मास्तर म्हणाले, अक्षरं बारीक झालीत. विमा एजंट म्हणाले, डोळे चुरचुरतात. शिंपीणताईंना माउस जड लागायला लागला. अधिकृत सामान्य माणूस या नात्याने मीही नोंदवलं की पडद्याचा निळा रंग मला परका वाटतो. स्वतः अध्यक्षमहोदय खाली आले, खुर्चीत बसले, एक पत्र टाइप केलं आणि उठताना म्हणाले, "मी म्हणालोच होतो."

पुढच्या सोमवारी बाई आल्या. त्यांनी सगळ्यांच्या तक्रारी शांतपणे ऐकल्या आणि म्हणाल्या, "अहो, पण मी अजून काही बसवलंच नाही!"

आठवडाभर आम्ही आपल्या जुन्याच संगणकांना नावं ठेवत होतो. त्या दिवशी सगळ्यांत मोठ्याने हसले ते अध्यक्षमहोदय. हा किस्सा इथे सांगायची परवानगीही त्यांनीच दिली. दिली नसती तरी मी सांगितला असता.

मग प्रणाली खरोखरच बसली. ती अगदी गोजिरवाणी निघाली, असं काही मी म्हणणार नाही. प्रिंटर रुसला. आपल्या करसल्लागारांचा कामाचा प्रोग्रॅम तिच्यावर चालेना, तो शेवटपर्यंत चाललाच नाही. बाईंनी त्यांना सरळ सांगितलं, "तुमच्या कामाला ही उपयोगाची नाही, तुम्ही तुमच्या कचेरीत जुनीच वापरा." आपण इथे केलेला तक्ता दुसऱ्या कचेरीत उघडला की कधीकधी त्याच्या रेघा इकडच्या तिकडे होतात. हे लपवायचं कशाला? पण पत्र लिहिणं, अर्ज भरणं, टपाल बघणं, लांबच्या माणसाशी समोरासमोर बोलणं, यात कुणाचं काही अडलं नाही.

माझा पहिला दिवस मला लख्ख आठवतो. मी खुर्चीत, बाई माझ्यामागे उभ्या, दोन्ही हात पाठीशी गुंफलेले. मी काहीतरी दाबलं आणि होतं नव्हतं ते सगळं पडद्यावरून गायब! मी घाबरून म्हणालो, "बाई, तुम्हीच करा ना."

बाई म्हणाल्या, "मी केलं तर मला येईल. मला येतंच."

हात काही पुढे आले नाहीत. मी धडपडत शोधलं, सापडलं, आणि त्याच आठवड्यात गुडघ्यांमुळे घर न सोडणारी माझी थोरली बहीण मला त्या पडद्यावर दिसली. मी म्हणालो, "अगं ताई, किती म्हातारी दिसायला लागलीस!" ती म्हणाली, "तुझ्या घरी आरसा नाही वाटतं?" मी रडलो, आणि लाज न वाटता रडलो.

पुढे तो त्या खोलीचा रिवाजच झाला. ज्याला येतं त्याने मागे उभं राहायचं, तोंडाने सांगायचं, आणि हात मागे. बाईंचे यजमान मला म्हणाले, घरातही हेच चालतं; मी स्वयंपाक शिकलो तो असाच, ही मागे हात बांधून उभी आणि माझी भाजी करपतेय. यजमान, ही गोष्ट गुपित होती का? असेल तर माफ करा.

आता जरा जिवाला लागणारं बोलतो. मागच्या बैठकीत अध्यक्षमहोदयांनी विचारलं, "बाई आहेत तोवर ठीक आहे. बाई गेल्यावर हे बघणार कोण?" खोली ठेवायची की मोडक्या खुर्च्यांना द्यायची, याचा निर्णय या समारंभानंतरच्या बैठकीत व्हायचा आहे. मंडळी, हाही प्रश्न रास्तच आहे. त्याने आमची झोप उडवली होती.

बाई, परवा तुम्ही शिल्लक रजेवर होतात ना, तेव्हाची एक गोष्ट आम्ही तुमच्यापासून लपवून ठेवली आहे. सकाळी प्रणालीत काही नवं उतरलं आणि प्रिंटर मुका झाला. एक मुलगी नोकरीचा अर्ज छापायला आली होती. दुपारच्या आत तो द्यायचा होता. रडकुंडीला आली होती बिचारी. टायपिस्ट आजींनी तुम्हाला लावायला फोन उचलला आणि परत ठेवला. म्हणाल्या, "बाईंना कळलं तर त्या धावत येतील. आणि त्या आल्या तर आपल्याला येतं की नाही, हे आपल्याला कधीच कळायचं नाही."

मग काय! ती मुलगी खुर्चीत, आणि मागे मास्तर, विमा एजंट, शिंपीणताई, आजी आणि मी, सगळे हात मागे बांधून एकदम बोलतोय. मास्तरांनी पडद्यावरची सूचना मोठ्याने वाचली. शिंपीणताई म्हणाल्या, असंच कुणाचं तरी झालं असेल, शोधा. शोधलं, तर इंटरनेटवर कुठल्या कोण माणसाने कुणा अनोळखी माणसाला उत्तर लिहून ठेवलेलं. तसं केलं, प्रिंटर खाकरला आणि कागद बाहेर आला. आम्ही इतका गलका केला की वरच्या वाचनकक्षातून लोक आम्हाला गप्प करायला खाली आले.

बाई, तुमच्यावाचून जमलं. हे सांगताना मला फार आनंद होतोय.

अध्यक्षमहोदय, सामान्य माणसाला ही प्रणाली झेपते का, याचं उत्तर सामान्य माणसानेच द्यावं म्हणून देतो. झेपते. फक्त सुरुवातीला मागे कुणीतरी हात बांधून उभं राहावं लागतं. आणि आता उभं राहणारे आम्ही पुष्कळ आहोत.

अरे वा! आलं, चित्र आलं! आजी, शाबास! हा फोटो मी काढलेला आहे. यात बाईंचा चेहरा नाही म्हणून नाराज होऊ नका. पाठ बघा. आणि पाठीशी गुंफलेले ते हात बघा.

अध्यक्षमहोदय, बैठकीत आमच्या खोलीचा विषय निघाला की आपल्याला एकच विनंती आहे. आपणही हात मागे घ्या. आमचं आम्ही करतो.

मला बोलायची संधी दिलीत, याबद्दल संस्थेचा ऋणी आहे. आपण सर्वांनी निमूट ऐकलंत, त्याबद्दलही. बोलण्याच्या भरात कुणाला काही टोचलं असेल, तर बाइंडरची सुई चुकून लागली असं समजून पोटात घाला.

आणि मंडळी, आता एकदाच सगळ्यांनी हात पुढे घ्या. बाईंसाठी टाळ्या वाजवायच्या आहेत.