सत्तावीस णमोकारांचं ऊन

माझं माहेर निपाणीजवळचं, तंबाकूची शेती, जैनांचं घर, म्हंजे बोलायला मराठी, भांडायला कन्नड आन दिवस मावळायच्या आत जेवण. लगीन होऊन बेळगावात शहापूरला आले. गल्लीत तवा घराघरात माग चालायचं, खटक-खट, खटक-खट, पयले आठ दिवस मला झोप न्हाय, आन मग माहेराला गेले की त्या आवाजाबिगर झोप न्हाय, काय सांगू तुम्हाला.

आमचे हे गावाबाहेर मच्छ्याला कारखान्यात. मी कॅम्प भागात एका छापखान्यात लग्नपत्रिका दुमडायला जायची, तितं स्क्रीन प्रिंटिंग बगून बगून डोस्क्यात बसलं. ह्यांना म्हटलं, हे तर आपल्या घरातबी हुतंय की. जुन्या दाराची फळी घेतली, मोडक्या मागाच्या लाकडाची चौकट केली, तिच्यावर नायलॉनचं बारीक कापड ताणून बारीक खिळे मारले, बिजागऱ्यांनी चौकट फळीला जोडली, शाई ओढायला लाकडाच्या पट्टीत रबर घातलं, झालं. पण कापडाला अक्षर उठवायचा मसाला लावला की तो अंधारात वाळवाय लागतो, आन आमच्या घरात अंधार एकाच खोलीत, देवाच्या. ती खोली आत्तीची, माझ्या सासूची.

आत्ती लई कडक. मसाल्याची बाटली हातात घेतली, म्हनली, ह्यात अंडं-बिंडं, हाडाचं कायतरी न्हाय न्हवं? मी दुकानात परत जाऊन इच्यारून आले, न्हाय म्हनला. मग म्हनली, बरं, पण पयलं काम माझ्या लेकीच्या पत्रिकेचं, ते बिघडलं तर ही चौकट माझ्या घरात दिसायची न्हाय. वन्संचं लगीन, समदी भावकी पत्रिका बगणार.

आता ऊन. वाळलेली चौकट उनात ठेवायची, तिच्यावर काळ्या अक्षरांचा बटर पेपर, वर काच. उनानं मसाला घट्ट हुतो, अक्षराखाली तेवढा कच्चा ऱ्हातो, तो पाण्यानं निघून जातो आन अक्षर मोकळं. कमी ऊन लागलं तर समदंच वाहून जातंय, जास्त लागलं तर अक्षर उघडतच न्हाय. छापखान्यातल्या मास्तरांनी चार मिंटं सांगितलंतं, पण घरात घड्याळ एकच, ते ह्यांच्या मनगटावर मच्छ्याला! आत्ती म्हनली, चार मिंटं म्हंजे माझे सत्तावीस णमोकार मंत्र, जलमभर म्हनते, मला ठाव न्हाय व्हय?

पाटावर बसून माळ धरली. सत्तावीस झाल्यावर हात वर केला, मी चौकट धुवाय घेतली, चोळते, चोळते, एक अक्षर उघडंना. मी रडायलाच लागले, माझं कुठं चुकलं म्हनून. आत्तीनं माळ खाली ठेवली. मग खाली बगून म्हनली, मधी शेजारनीनं हाक मारली, मी ओ दिली, आन माळ मोडली की पुन्हा पयल्यापासनं धरायची असतीय, तशी मी धरली. एवढी कडक बाई, पण खोटं बोलली न्हाय. आपणच म्हनली, दुसरी चौकट आण.

दुसऱ्या येळेला तिनं दाराला कडी घातली. अक्षरं अशी उघडली म्हनता, वन्संच्या नावातला काना न काना दिसला. फुडं कितीतरी वर्षं मोजायचं काम तिचंच, पावणं दारात आलं तरी सत्तावीस झाल्याबिगर ओ न्हाय.

ती गेल्यावर मी मोजून बगितलं, पर माझं तोंड घाईचं, मसाला कच्चाच, समदं मोरीत. मग घड्याळ आणलं. आता सून प्रिया मोबाईलवर चार मिंटं लावती, बरं चाललंय. मागच्या आठवड्यात मोबाईल बंद पडला. ती म्हनली, आई थांबा, चार्ज करते. म्हटलं, ऊन थांबतंय व्हय गं? आत्तीची माळ घेतली, तिच्याच पाटावर बसले. धुतलं तर अक्षर न अक्षर मोकळं. मी कवा आत्तीएवढी सावकाश झाले, मला कळलंच न्हाय बगा.

लई आठवण आली तिची. तिच्या नावानं पुन्हा एकदा माळ धरली. आतनं प्रिया हाका मारतीया, आई, काय झालं, रडताय कशाला. तिचं भलं होऊ दे, चांगली पोर हाय. पर सत्तावीस झाल्यावरच ओ दिली.