चोवीस तास थांबायचं

—नको, ती छोटी ट्यूब नको, परत ठेवा. एका थेंबात चिकटते खरी, पण खिडकीतल्या चिनीमातीच्या कुत्र्याचा कान तुटला तर ती. माणसाचं वजन नाही पेलत. वाळली की कडक होते, एक हिसका बसला की तडकते. काय लावायचं म्हणालात? दांडा? बाथरूममध्ये, धरून उठायला — आईसाठी, अच्छा. आणि घरमालक टाइलला भोक पाडू देत नाही. इथला एकही देत नाही हो, घर सोडताना बॅटरी घेऊन भोकं शोधतात. म्हणून तर अख्खं लेअर गाव माझ्या दुकानात ग्लू न्यायला येतं.

मग ही मोठी ट्यूब. पण टाइल नुसती आहे की वरून रंग मारलाय? नखाने खरवडून बघितलंत? नाही ना. रंग असेल तर ग्लू रंगाला धरतो आणि रंग टाइलला सोडतो — पापुद्र्यासकट दांडा हातात. नुसती असेल तर स्पिरिटने पुसा, साबणाचा अंश राहता कामा नये. दांड्याची टोकं प्लास्टिकची असतील तर तेही बघा, काही प्लास्टिकला काहीच चिकटत नाही. आणि मग चोवीस तास हात लावायचा नाही. थंडीत अठ्ठेचाळीस. दोन-तीन तासांत घट्ट वाटतो, ओढून बघितला तर हलतही नाही — तिथेच माणूस फसतो. कडेने सुकलेला असतो, आत नुसतं लोणी.

एका बाईने असाच लावला होता. दुपारी बाराला लावला, तीनला आईने विचारलं, "धरू का गं आता?" बाई म्हणाली, धर. का म्हणाली? पाचची गाडी होती तिची — कील बंदराला, तिथून बोटीने नॉर्वे. नोकरी ठरलेली, खोली ठरलेली, बॅग दाराशी. थांब म्हटलं असतं तर उद्यापर्यंत आईजवळ कोण, असा प्रश्न निघाला असता, आणि मी तो निघू दिला नाही — हो, मीच. कळलंच असेल तुम्हाला. खुबा मोडला आईचा. अकरा वर्षं झाली. ती वरच्या मजल्यावर, आणि मी इथे दुकानात, बरोबर तिच्या पायाखाली.

आई सगळ्यांना सांगते, साबणावरून पाय घसरला. डॉक्टरला, शेजारणीला — मलासुद्धा तेच. आणि तो दांडा मी स्वतः तिच्या मुठीतून सोडवून घेतला होता हो. एकदा जरी तिने तोंड सोडलं असतं ना, चार शिव्या घातल्या असत्या, तर मी केव्हाच गेले असते. पण ती चहा ओतते. रोज तीनला, खडीसाखर, वर साय. आपल्याकडे पुरे म्हणायचं तर चमचा कपात ठेवायचा, नाहीतर समोरचा ओततच राहणार — हे काय मी तुम्हाला सांगायला हवं? तीन कप होतात, मी चमचा उचलते, ती माझ्याकडे बघते. मी तो परत बशीत ठेवते. ऐकलीत वरची घंटा? तिचीच, चहाला बोलावतेय. वाजू दे.

घ्या, पिशवी देऊ? — काय? आजच? संध्याकाळी तुम्ही निघणार, आणि घरी त्या एकट्या?

ट्यूब द्या इकडे. नाही, विकायचीच नाही मला. हे ड्रिल न्या, माझं स्वतःचं आहे, परत कधीही आणा, नाहीतर मीच येऊन घेऊन जाईन. चार भोकं पाडा, स्क्रू कसून पिळा, स्वतः लोंबकळून बघा, मग आईला धरू द्या. मालक ओरडला तर माझं नाव सांगा, ग्लूच्या दुकानातल्या गेशंनं सांगितलं म्हणून. आणि गाडी चुकवू नका. कुणी कशाही नजरेने बघितलं तरी नाही.

जा म्हटलं ना. तीन वाजून गेले, दुकान बंद.