दोन बोटं उत्तरेला

दिनांक १८ फेब्रुवारी २०२५. ठिकाण पोलीस चौकी, सारोळे, ता. भोर. जबाब सुरू केल्याची वेळ सकाळी ९.५०.

मी कुंडलिक सोनबा इंगुळकर, वय ७१ वर्षे, धंदा शेती, पूर्वी एस.टी. चालक, रा. कामथडी, ता. भोर, जि. पुणे, समक्ष चौकीत बसून, विचारलं त्याचं उत्तर म्हणून सांगतो ते असं :

मी वरल्या पत्त्यावर पत्नी सगुणाबाई, वय ६६, हिच्यासह राहण्यास आहे. एस.टी.त असताना असे जबाब मी लई दिलेत. लिहिणारा शुद्ध करतो आणि मग आपलंच म्हणणं आपल्याला ओळखू येत न्हाई. म्हणून हवालदार प्रेरणाबाईंनी माझ्या बोलीतच लिहावं. पत्नी शेजारच्या बाकावर बसली आहे. तिला कुणी बोलावलेलं न्हाई, ती आपली आपण आली. ती मध्ये बोलेल ते जबाबात धरू नये.

माझी नात शिवानी, वय २२, बारामतीकडं एका संस्थेत विमान चालवायला शिकते. आज ती पहिल्यांदा एकटी लांबच्या पल्ल्यावर निघणार आहे. १० वाजून २५ मिनिटांनी तिकडून उठायचं, नीरा नदीच्या कडेकडेनं सारोळ्याच्या पुलापर्यंत यायचं, हितून दक्षिणेला वळून कराडच्या बाजूला जायचं आणि परत फिरायचं. हा फेरा झाला तर तिचा परवान्याचा अर्ज पुढं सरकणार. आज अडला तर तारीख पुन्हा कधी मिळेल, हे तिलाही ठाऊक न्हाई. एवढं मी आधीच सांगून ठेवतो, कारण चौकीचे साहेब सारखे फोनकडं बघताहेत.

विमानाच्या वेळा आणि लष्कराच्या हद्दी मला कशा माहीत, असं विचारल्यावरून सांगतो की, संक्रांतीला शिवानी घरी आली होती. तिनं आजची तारीख आणि १० वाजून ५२ला पुलावर यायची वेळ सांगितली आणि ओसरीवर नकाशा पसरला. वाऱ्यानं उडू नये म्हणून एका कोपऱ्यावर तांब्या, दुसऱ्यावर अडकित्ता आणि उरलेल्या दोन्हींवर तिळाच्या लाडवांचे डबे ठेवले. नकाशावर पुण्याभोवती लाल-निळी कडी होती. एक विमानतळाचं, एक लष्कराचं, एक दोघांचं मिळून. मी म्हणालो, "पोरी, सरळ हायवे धर. शिरवळ, कापूरव्होळ, आपलं कामथडी. वर कुठं आलाय टोलनाका?" ती म्हणाली, "आबा, वर दिसत न्हाई, पण हद्द असती. उतरंड उलटी ठेवल्यासारखी. खाली बारीक, वर जावं तशी रुंद." मी म्हणालो, मग मडक्याच्या काठाखालून जा. ती म्हणाली, "काठाखालून गेलं की वेल्ह्या-भोरचे डोंगर लागतात. म्हणून नदी सोडायची न्हाई."

हे मला पटलं. वेल्ह्याची गाडी मी एकोणीस वर्षं चालवली. तिथल्या डोंगराशी हुज्जत घालता येत न्हाई.

तरी मी तिला म्हणालो की पुलावरून फक्त दोन बोटं उत्तरेला ये, घरावरून एक चक्कर मार, तुझी आजी अंगणातून बघेल. तिनं पट्टी लावून सांगितलं की माझी दोन बोटं म्हणजे पंधरा किलोमीटर. शिवाय ठरलेली वाट कागदावर लिहून द्यावी लागते, वरून टॉवरवाल्यांशी बोलत राहावं लागतं, आणि वाट सोडली तर परवाना विसरायचा. मी म्हणालो, दोन मिनिटांचा तर प्रश्न आहे. त्यावर तिनं विचारलं, "आबा, तुमी वेल्ह्याची गाडी कुणाच्या दारात वळवली व्हती का?"

सदर प्रश्नाचं उत्तर मी दिलं न्हाई.

(पत्नी मध्ये बोलली की, "सांगा की आता. थांबा नव्हता तिथं माझ्यासाठी गाडी कोण थांबवत व्हतं? लग्नाआधी?" हे लिहू नये असं सांगितलं. प्रेरणाबाईंनी लिहिलं.)

विमान गावाकडं येत न्हाई म्हटल्यावर गाव विमानाकडं न्यायचं, असं मी ठरवलं. शिवानीला कळवलं न्हाई. एकटी असणार, उगा डोक्याला ताप नको. दिनांक १ रोजी मी भोरला श्रीपादच्या छापखान्यात गेलो आणि पत्रिका छापून घेतल्या, नग दोनशे. श्रीपादनं विचारलं, "आबा, लग्न कुणाचं?" मी म्हणालो, लग्न न्हाई, पण मुहूर्त हाय. पत्रिकेत पुढील मजकूर आहे : "आमची ज्येष्ठ नात चि. शिवानी हिने एकटीने विमान नेण्याचे योजिले असून, मंगळवारी सकाळी १० वाजून ५२ मिनिटांच्या शुभमुहूर्तावर सारोळे पुलाजवळ सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहावे. आहेर स्वीकारला जाणार नाही. सूचना : विमान लष्कराच्या हद्दीबाहेरून जाणार असल्याने कामथडीकरांनी सारोळ्यास यावे. टेम्पोची सोय केली आहे." लोकांना जागा कळावी म्हणून पाठीमागं नकाशा छापला, लाल कड्यांसकट. तो नकाशा शिवानीच्या कागदावरून मी मोबाईलवर काढला होता. त्यात माझी चूक असेल तर माझी, तिची न्हाई.

पत्रिकेच्या तळाला "आपले नम्र : समस्त इंगुळकर परिवार व भारतीय वायुसेना, पुणे" असं का छापलं, याबाबत साहेबांनी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मी खरंच सांगितलं. ज्यांच्या शेजारून जायचं, ज्यांच्या शब्दावाचून पोरीला पुढं सरकता येत न्हाई, त्यांचं नाव पत्रिकेत घातलं न्हाई तर मानपान राहत न्हाई. आमच्याकडं मांडवासाठी शेत देणाऱ्याचंही नाव घालतात. थोरल्या लेकाच्या लग्नात चुलत मामांचं नाव राहिलं, ते अकरा वर्षं आमचा उंबरा चढले न्हाईत. हे तर सैन्य. साहेब म्हणाले, "आजोबा, वायुसेना रुसून बसत नाही." मी म्हणालो, तुमी त्यांचे पाहुणे न्हाई, तुमाला काय ठाऊक.

पत्रिका फोनवरून कुठं कुठं गेली ते मला माहीत न्हाई. आज सकाळी आठला साहेब पुलाजवळ आले तेव्हा तिथं दोन टेम्पो आणि अंदाजे दीडशे माणूस होतं. भोंगवलीची बनाबाई नातवंडांना टोप्या घालून आली होती. माझा पुतण्या गोरख याच्याजवळ वर जाऊन फुटणाऱ्या फटाक्यांचा खोका मिळून आला. तो विमान आल्यावर उडवायचा त्याचा विचार होता. हे ऐकून मीच त्याच्या कानाखाली वाजवली. साहेबांनी ते पाहिलं आहे. खोका जप्त आहे आणि तो परत देऊ नये, अशी माझी मागणी आहे.

साहेबांनी मला सांगितलं की, वायुसेनेच्या नावाचा गैरवापर आणि लष्करी हद्दीचा नकाशा वाटणं या गोष्टी वर कळवाव्या लागतील, आणि संस्थेला फोन केला तर आजचं उड्डाण थांबू शकतं. मला त्या वेळी घाम सुटला. एस.टी.च्या एकतीस वर्षांत ब्रेक निकामी झाल्यावरसुद्धा मला घाम आला नव्हता. मी साहेबांना म्हणालो, मला आत टाका, पत्रिका जाळा, काय करायचं ते करा, पण पोरीला खाली उतरवू नका. दोन वर्षं ती एका खोलीत चौघींबरोबर राहून शिकती. दर रविवारी फोनवर म्हणती, आबा, मजेत हाय. मजेत असती तर दर रविवारी सांगितलं नसतं.

साहेबांनी फोन टेबलावर ठेवला. मग प्रेरणाबाईंना म्हणाले, "आधी जबाब पूर्ण करा. पुरा झाल्याशिवाय मी काय कळवणार?" तेव्हा १० वाजून ३० मिनिटं झाली होती. त्यानंतर प्रेरणाबाई लई सावकाश लिहायला लागल्या. चहा मागवला. माझ्या वडलांच्या नावाचं स्पेलिंग विचारलं. जबाब मराठीत आहे.

१० वाजून ५० मिनिटांनी जबाब थांबवण्यात आला. १० वाजून ५८ मिनिटांनी पुन्हा सुरू केला.

मधल्या वेळेत मी, पत्नी, साहेब आणि प्रेरणाबाई चौकीच्या अंगणात होतो. हायवेच्या ट्रकांमुळं आधी काही ऐकू येईना. पुलाकडची माणसं एकदम गप्प झाली, तेव्हा कळलं. पूर्वेकडून नदीच्या वर विमान आलं. लई लहान दिसत होतं. पुलावर आलं आणि दक्षिणेला वळलं. उत्तरेला एक बोटसुद्धा आलं न्हाई. पंख हलवले न्हाईत, काही न्हाई. खाली दीडशे माणूस हात हलवत होतं, त्यातलं तिला काही दिसलं नसणार. वाईच्या डोंगराकडं जाऊन ते दिसेनासं झालं. साहेबांनी त्यांच्या घड्याळात पाहून १० वाजून ५२ मिनिटं झाल्याचं मला सांगितलं. ते जबाबात घ्यावं. माझी वेल्ह्याची गाडी उभ्या नोकरीत कधी वेळेवर गेली न्हाई.

मला रडू आलं. ते लिहिलं तरी चालेल.

त्या वेळी पत्नी म्हणाली, "थांबा नव्हता, तर थांबली न्हाई. तुमच्यापरीस शहाणी निघाली पोर."

शिवानीला पत्रिका, टेम्पो, फटाके यातलं काही माहीत नव्हतं व आजही न्हाई. जे झालं ते मी केलं. वायुसेनेची माफी मागण्यास मी तयार आहे, पण त्यांचं नाव मानानं छापलं होतं, हे त्यांना कळवावं.

प्रेरणाबाईंनी हा जबाब मला मोठ्यानं वाचून दाखवला. माझ्या सांगण्यात आणि लिहिण्यात फरक न्हाई. पत्नी मध्ये बोलेल ते धरू नये असं मी सुरुवातीला सांगितलं होतं. ते मागं घेतो. तिचं शेवटचं वाक्य खोडू नये, ते माझंच म्हणणं समजावं.

सही
कुंडलिक सोनबा इंगुळकर