डोकं नाही, आणि म्हणे घाबरतो!

...अहो पण डोकंच नसतं हो त्याला! डोकं नाही, मान नाही, नाक नाही, आणि अशा अक्षरशः बिनडोक प्राण्यानं माझ्यासारख्या पदवीधर मुलीला आठ दिवस पळता भुई थोडी करावी? शिंपला हो, शिंपला!

तुम्हाला सांगते, मुलांच्या संग्रहालयात मी महिन्याभराच्या बोलीवर लागले. समजावून सांगणारी ताई! आमच्या मोठ्या बाई... त्या नुसतं "या" म्हणाल्या तरी मला वाटतं, माझ्या हातून काहीतरी फुटलं... त्या म्हणाल्या, "शनिवारी दुसरीचा वर्ग येतोय. शिंपला शिकवायचा. चित्रात नाही, जिवंत! तो उघडला आणि मुलांना त्याचा पाय दिसला, की तुमची नोकरी पक्की. नाहीतर..." नाहीतरच्या पुढे बोलल्याच नाहीत! मग पुढचं सगळं मीच घरी जाऊन स्वतःला बोलून घेतलं.

हो, पाय! एकच असतो, जिभेसारखा. तो बाहेर काढून स्वारी वाळूत घुसते. पण बाहेर काढेल तेव्हा ना! टाक्या सांभाळणाऱ्या काकांनी वाळू, खारं पाणी आणि एक शिंपला काचेच्या भांड्यात घालून दिला. "घरी न्या, सवय होऊ दे. शांत ठेवलात की आपोआप उघडेल." शांत! कोणाला सांगतायत? मला! कुकरची शिट्टी झाली की मी उडते, मी उडाले की टेबल हलतं, टेबल हललं की भांडं हलतं... आणि शिंपला? बंद!

बरं, बघितल्याशिवाय राहवतं का? दर दोन मिनिटांनी जाऊन वाकायचं. उघडला? नाही. आता? नाही. शेवटी आई कावली. "अगं, सारखी काय त्याच्या तोंडावर जातेस? श्वास तरी घेऊ दे बिचाऱ्याला!" मी म्हटलं, "आई, त्याला तोंड असतं, पण आत असतं. आणि श्वास तो कल्ल्यांनी घेतो." "मग कल्ल्यांनी घेऊ दे, पण तू हो बाजूला!" आईचं ऐकायला हवं होतं. पण आईचं वेळेवर ऐकलंय कोणी?

शनिवार उजाडला. बत्तीस मुलं, मागच्या भिंतीला टेकून मोठ्या बाई, मध्ये भांडं... आणि शिंपला? बंद!

मी आपली सुरू झाले. "मुलांनो, ही दोन कवचं, ही मागे बिजागरी. आत दोन दणकट स्नायू, ते आवळले की दार बंद. दोन नळ्या, एकीतून पाणी आत, दुसरीतून बाहेर. आणि अंगाभोवती एक पातळ पडदा. शिंपला आपलं घर बदलत नाही हं! तो मोठा झाला की हा पडदा पाण्यातला चुना घेऊन घराच्या काठाला नवी पट्टी जोडतो. म्हणून बिजागरीजवळचं टेंगूळ सगळ्यात जुनं, आणि कड सगळ्यात नवी."

"ताई, मग या रेघा कसल्या?" दोन वेण्यांची एक चिमुरडी. मी खूश! म्हटलं, "वाढ थांबली की रेघ पडते. थंडीत थांबते, आणि कोणी फार त्रास दिला, घाबरवलं, तरी थांबते." ती कवचाकडे बघते, माझ्याकडे बघते, परत कवचाकडे. "ताई, यातल्या तुमच्या किती?"

बत्तीस मुलं हसली! मी दचकले, कोपर भांड्याला लागलं, पाणी हिंदकळलं... आणि शिंपला? होता त्याहून बंद!

वेण्या उठल्या. "बाई, तो ताईंना घाबरतो. त्यांची सावली पडते त्याच्यावर. त्यांना बाहेर पाठवा ना." मला वाटलं, बाई तिला गप्प बसवतील. बाई म्हणाल्या, "जा."

गेले. दाराबाहेर सूचनाफलकाखाली उभी. पाच मिनिटं, दहा मिनिटं, आत चिडीचूप. मनातल्या मनात राजीनामा लिहिला, तोही दोनदा, पहिल्यात 'आपली नम्र' राहिलं होतं... आणि एकदम आतून "आऽऽऽ! पाऽऽय!" मी अशी उडाले की फलक डोक्यात! धावत आत जाते तर... काय असणार? बंद!

पण बत्तीस मुलांनी पाहिला होता ना! बाई चक्क हसल्या. म्हणाल्या, "शिकवता छान. नोकरी पक्की. फक्त शेवटची दहा मिनिटं तुम्ही बाहेर थांबायचं. वेळापत्रकात तसं लिहिलंय."

आज सहा महिने झाले. शेकडो मुलांनी तो पाय पाहिला, मोठ्या बाईंनी पाहिला, परवा आई सहज डबा द्यायला आली, तिनंसुद्धा पाहिला! "गोड आहे गं," म्हणाली. असेल बाई! मुलं आत, शिंपला उघडा, पाय बाहेर, मीही बाहेर... आणि दार? बंद!