शुक्रवारचा रस्ता

प्रताप: पण पाटी कुठं होती?

ज्ञानदा: कसली पाटी, बाबा?

प्रताप: तू म्हणालीस, मोठा रस्ता बंद आहे, उमलायटुंग लागलंय, म्हणून आत वळावं लागतंय. उमलायटुंगला पिवळी पाटी असते. स्टुटगार्टात येऊन दीड महिना झाला मला, एवढं कळायला लागलंय. आपण शहर सोडल्यापासून एक पिवळी पाटी दिसली नाही.

ज्ञानदा: खाली धुकं होतं ना, तुम्हाला दिसली नसेल.

प्रताप: धुकं मला नको सांगूस. सातारा-महाबळेश्वर गाडीवर कंडक्टर होतो मी. धुक्यात नुसत्या वासावरनं थांबा ओळखायचो.

ज्ञानदा: बरं, नव्हती पाटी. मला ऑटोबानवर जायचं नव्हतं. तुम्ही इकडे बघा ना. ही सगळी बीच नावाची झाडं. आठवड्यापूर्वी अर्धी हिरवी होती, आता बघा, घासलेल्या तांब्यासारखी झालीत.

प्रताप: आठवड्यापूर्वी तू इथं आली होतीस?

ज्ञानदा: मी नाही. ऑफिसातल्या एकीने फोटो दाखवला.

प्रताप: हं.

ज्ञानदा: खिडकी उघडू का थोडी? छान वास येतो जंगलाचा.

प्रताप: नको. ती मोबाईलमधली बाई आज गप्प का आहे?

ज्ञानदा: कोण?

प्रताप: डावीकडे वळा, उजवीकडे वळा म्हणणारी. आमचा यशोधन दूध आणायला निघाला तरी तिला विचारून निघतो. तू तिला न विचारता तीन वळणं घेतलीस.

ज्ञानदा: रेंज नाहीये, बाबा. जर्मनीत डोंगर लागला की रेंज गेली.

प्रताप: आणि रेंज नसताना तुला रस्ता पाठ.

ज्ञानदा: एकच तर रस्ता आहे.

प्रताप: एकच कसा? मघाशी चर्चपाशी फाटा होता. तू बघितलंसुद्धा नाहीस, डावीकडे घेतलीस. नवख्या माणसाचा पाय फाट्यावर जरा तरी अडखळतो.

ज्ञानदा: तुम्ही पोलिसात का नाही गेलात?

प्रताप: गेलो होतो. उंची कमी पडली. यशोधनला ठाऊक आहे का, आपण इथं आलोय?

ज्ञानदा: तो मीटिंगमध्ये आहे.

प्रताप: म्हणजे नाही. सकाळी त्यानं विचारलं, आज शुक्रवार, तुझा हाफ डे, काय बेत? तर तू म्हणालीस, बाबांना घेऊन इंडियन शॉपमध्ये जाऊन येते. मी बाथरूमच्या दाराशी होतो. ऐकलं सगळं. आता त्या तिथं गाई चरतायत. कुठाय दुकान?

ज्ञानदा: येताना जाऊ दुकानात. आधी पानं बघू. लोक लांबून लांबून येतात ही पानं बघायला.

प्रताप: गळणाऱ्या पानांसाठी पेट्रोल जाळायचं. आमच्या अंगणात बदामाचं झाड आहे, लग्न होऊन आल्यापासून संध्या दोन्ही वेळा झाडून काढायची. तिला कुणी तिकीट काढून बघायला आलं नाही.

ज्ञानदा: तुम्ही नुसतं एकदा डोकं वळवून बघा तरी.

प्रताप: विनातिकीट माणूस कसा ओळखायचा, सांगू? मी जवळ आलो की तो खिडकीबाहेर फार बघतो. शेजारच्यालाही दाखवतो. तो डोंगर बघा, ते धरण बघा. तू मघापासून मला झाडंच दाखवतेयस, ज्ञानदा.

ज्ञानदा: आल्झो... म्हणजे, बाबा, मी इथे जरा थांबते हं. त्या घराबाहेर भोपळे ठेवलेत विकायला. एक घेऊ, संध्याकाळी घारगे करीन. तुम्ही बसा गाडीतच, बाहेर गार आहे.

प्रताप: मी पण उतरतो.

(ज्ञानदा रस्त्याकडेच्या एका शेतघराशी गाडी थांबवते. घरातून एक म्हातारी बाई बाहेर येते. थोड्या वेळाने सासरा आणि सून भोपळा घेऊन परत गाडीत बसतात.)

प्रताप: काय म्हणत होती ती?

ज्ञानदा: भोपळे गोड आहेत म्हणाली या वर्षी.

प्रताप: भोपळे गोड आहेत हे सांगायला कपाळाला बोट लावतात इथं?

ज्ञानदा: कपाळाला?

प्रताप: तुला बघून ती हसली. मग गाडीत वाकून बघितलं, कपाळाच्या मधोमध बोट ठेवलं आणि काहीतरी विचारलं. तू सांगितलंस काहीतरी, दोनच वाक्यं. तिचं तोंड उतरलं. मग पायरी उतरून आली आणि माझा हात धरला. सोडेचना. दीड महिन्यात तुमच्या शेजाऱ्यानं मला 'हालो'च्या पुढं एक शब्द काढला नाही. आणि या बाईनं दोन्ही हातांत माझा हात धरला. भोपळ्यापायी?

ज्ञानदा: निघू या का? मागून ट्रॅक्टर येतोय.

प्रताप: त्याला जायला जागा आहे. गाडी सुरू करू नकोस.

ज्ञानदा: तिने विचारलं, लाल टिळ्याच्या बाई कुठे आहेत.

प्रताप: संध्या?

ज्ञानदा: हो. मी म्हटलं, मार्चमध्ये गेल्या. हे त्यांचे मिस्टर.

प्रताप: संध्या इथं आली होती.

ज्ञानदा: मागच्या वर्षी, आई तीन महिने आमच्याकडे होत्या तेव्हा. तुम्हाला यायचं नव्हतं, त्या एकट्या आल्या, तेव्हा. दर शुक्रवारी दुपारी आम्ही दोघी या रस्त्याने यायचो.

प्रताप: मला फोनवर सांगायची, बाजारात गेलो होतो.

ज्ञानदा: यशोधनलाही तेच सांगायचो. बाबा, तो चांगला आहे, पण गाडीत शेजारी बसला की त्याच्या अंगात येतं. ज्ञानदा, ब्लिंकर. ज्ञानदा, आरसा. मला इथलं लायसन्स तिसऱ्या खेपेला मिळालं. ते मिळालं आणि भीती आणखीच वाढली. चार महिने गाडीला हात लावला नव्हता. एकदा आईंसमोर रडले मी. त्या म्हणाल्या, मी बसते तुझ्या शेजारी. मला त्यातलं काही कळत नाही, म्हणजे ओरडायचा प्रश्नच नाही.

प्रताप: असं म्हणाली?

ज्ञानदा: अस्संच. मोठ्या रस्त्याला मी घाबरायचे, म्हणून हे आतले रस्ते. एकदा चुकलो आणि इथे येऊन पोचलो. समोर हे असं जंगल. मग रस्ता शोधायचा म्हणून निघायचं आणि चुकायचं, हेच सुरू झालं. या बाईने एकदा आम्हाला चहा दिला. आईंना आवडला नाही, पण दोन कप प्यायल्या, बिचारीला वाईट वाटेल म्हणून.

प्रताप: खोटं आहे हे.

ज्ञानदा: बाबा?

प्रताप: चहाचं खरं असेल. पण संध्याला गाडी लागते. लग्न झाल्या वर्षी तिला मी प्रतापगडला नेलं, माझ्याच गाडीतनं. अर्ध्या घाटात ती हिरवीपिवळी झाली. नाकाशी लिंबू धरून बसली होती. पुन्हा कधी गाडीत बस म्हटलं नाही मी तिला. आम्हाला वर्षाचा पास मिळायचा, बायकोपोरांना फुकट. एकदासुद्धा वापरला नाही. खुंट्याला बांधल्यासारखी साताऱ्यात राहिली, तिला गाडी लागते म्हणून. आणि तू सांगतेस, या नागमोडी रस्त्यानं ती दर शुक्रवारी हिंडत होती?

ज्ञानदा: पहिल्या दिवशी त्यांनीही लिंबू घेतलं होतं पर्समध्ये. लागलंच नाही. मी विचारलं, तर म्हणाल्या, पुढे बसलं की लागत नाही बहुतेक. पुढे कधी बसलेच नव्हते.

प्रताप: पुढं कशी बसणार? कंडक्टरची बायको पुढं बसली तर पॅसेंजर काय म्हणतील? फुकटची आणि वर चांगली जागा. मी तिला मागच्या बाकावर बसवलं. कुणाला बोट दाखवायला जागा ठेवली नाही मी कधी.

ज्ञानदा: माहीत आहे. त्या अभिमानाने सांगायच्या ते.

प्रताप: अभिमानानं?

ज्ञानदा: गेनाऊ, अगदी अभिमानाने. माझ्या नवऱ्याने मलासुद्धा मागे बसवलं, म्हणायच्या.

प्रताप: आणखी काय सांगायची?

ज्ञानदा: असंच. इकडचं तिकडचं.

प्रताप: ज्ञानदा, मी आता सरळ विचारतो. दहाव्याला माहुलीच्या घाटावर तू काय कबूल केलंस?

ज्ञानदा: त्याचं काय आता, बाबा?

प्रताप: सात महिने मी ते घेऊन फिरतोय. संध्या झोपेत गेली. शेवटचा शब्द नाही, पाणी मागितलं नाही. म्हणजे मला जे काय कळायचं ते त्या कावळ्याकडनंच कळायचं. पिंड ठेवलेला. कावळे झाडावर बसलेले, आणि एक खाली उतरायला तयार नाही. यशोधन पुढं झाला, म्हणाला, बाबांना अंतर देणार नाही. नाही उतरला. माझी थोरली बहीण सरलाअक्का म्हणाली, तुझ्या भावजयीशी भांडण मिटवते. नाही उतरला. मी म्हणालो, तुझ्या नावानं काशीला जातो. वरची खोली बांधतो, तुझी होती इच्छा. पाटल्या सुनेला देतो. जे सुचलं ते सगळं बोललो. कावळा आपला मान वाकडी करून बघतोय. भटजी दर्भाचा कावळा करायला बसले. मग तू गेलीस. हात जोडलेस, ओठ हलले. आणि लगेच खाली आला तो.

ज्ञानदा: योगायोग असेल.

प्रताप: सरलाअक्का त्याच दिवशी मला म्हणाली, सासूसुनेचं आतलं काहीतरी होतं. तू समजतोस तेवढं तुला तुझ्या बायकोचं माहीत नव्हतं, प्रताप. मी तिला गप्प बसवलं. पण रात्री उशाला तेच येतं. आज तू मला चोरून इथं आणलंस. म्हणजे अक्का खरं बोलत होती. संध्याचं काहीतरी मागं राहिलं होतं, ते मला सांगितलं नाही, तुला सांगितलं. या रस्त्यावर सांगितलं.

ज्ञानदा: नाही हो.

प्रताप: माझ्याबद्दल काही तक्रार होती का तिची? असेल तर असू दे. चाळीस वर्षं संसार झाला, तक्रार असणारच. पण ती मला कळायला पाहिजे. तुला नाही.

ज्ञानदा: बाबा, मी तुम्हाला इथे आणलं, कारण उद्यापरवा वारा सुटला की ही पानं जातील, आणि तुम्ही महिनाअखेर परत जाल. त्या हिंडायच्या ते तुम्हाला दाखवायचं होतं. कसं सांगायचं ते सुचत नव्हतं, म्हणून उमलायटुंग म्हटलं. बाकी काही नाही.

प्रताप: घाटावर काय बोललीस?

ज्ञानदा: तुम्ही हसाल. किंवा रागवाल.

प्रताप: दोन्ही करणार नाही.

ज्ञानदा: यशोधननेही खूप वेळा विचारलं. मी सांगितलं नाही. सगळ्यांना वाटलं, मी केवढी मोठी शपथ घेतली. सगळे मला मानायला लागले, मग तर सांगायची सोयच राहिली नाही. मी काहीच कबूल केलं नव्हतं, बाबा. मला काय कबूल करायचं तेच कळत नव्हतं. मी आपली तुमच्याकडे बघत होते. ऊन चढलं होतं. तुम्ही सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हता, गोळीपण नाही. कावळा शिवल्याशिवाय तुम्ही तोंडात काही घालणार नव्हता.

प्रताप: मग?

ज्ञानदा: मग मी म्हटलं, आई, बाबा उपाशी उभे आहेत. तुम्ही खाल्ल्याशिवाय ते खाणार नाहीत. खाऊन घ्या ना.

प्रताप: एवढंच?

ज्ञानदा: एवढंच.

प्रताप: काशी नाही, खोली नाही?

ज्ञानदा: नाही.

प्रताप: जन्मभर ती माझ्या मागनं जेवली.

ज्ञानदा: हो.

प्रताप: त्या दिवशी तिला आधी खाऊन घे म्हणायचं, हे कुणाला सुचलं नाही.

ज्ञानदा: पाणी देऊ का, बाबा?

प्रताप: नको. मला काही झालेलं नाही. ट्रॅक्टर गेला का?

ज्ञानदा: केव्हाच गेला.

प्रताप: मग घे गाडी. ती म्हातारी खिडकीतनं बघतेय, तिला वाटेल भोपळा पसंत पडला नाही.

ज्ञानदा: परत फिरवू?

प्रताप: तुम्ही दोघी कुठपर्यंत जायचा?

ज्ञानदा: अजून वर. जंगल संपतं तिथे एक बाक आहे, तिथून सगळी दरी दिसते. तिथे मी आईंना म्हणायचे, बघा, केवढा रंग आलाय. पण खरं सांगू? त्यांनी ती दरी दोनदाच पाहिली असेल. वर पोचेपर्यंत त्यांना झोप लागलेली असायची.

प्रताप: झोपायची? गाडीत?

ज्ञानदा: गाढ. तोंड उघडं टाकून.

प्रताप: एवढी पानं सोडून.

ज्ञानदा: एवढी पानं सोडून.

प्रताप: तू उठवायची नाहीस ना?

ज्ञानदा: नाही. गाडी हळू घ्यायचे.

प्रताप: बरं करायचीस.