आंबलेली टाकी

वास? कुठला वास, टेलरसाहेब? — या की आत, फाटकात उभं राहून तक्रार करू नये माणसानं. गेली दोन वर्षं येताय दर आठवड्याला, नाकाला रुमाल लावून — रुमाल मात्र दर वेळी इस्त्रीचा हं — की तुमच्या त्या बायोगॅसच्या टाकीचा वास माझ्या दुकानात येतो, गिऱ्हाईक नवे कपडे हुंगून बघतात. मग आज बघा डोकावून. वाका, चावत नाही ती. काय दिसतं? काही नाही. परवाच रिकामी केली, धुतली, उन्हात वाळवली — आता मला सांगा, कोरड्या टाकीचा वास तुमच्यापर्यंत आला कसा?

बरं, लाजू नका, बसा. झालं काय — या उन्हाळ्यात माझ्या रसाच्या गाडीवर नुसती मोसंबी आणि लिंबं खपली. सगळा चोथा, सगळ्या साली मी टाकीत लोटत गेले. केळं, पपई, कोबीचा पाला मुकाट पचवते ती आणि गॅस देते, पण आंबट जास्त झालं की रुसते — आमच्या ह्यांच्यासारखीच. ह्यांनीच तर बांधली, जायच्या आदल्या वर्षी. तर आंबली. शेगडी आधी फुरफुरली, मग विझलीच. लेकीला फोनवर सांगितलं, तर म्हणते, बरं झालं, भंगारात दे आणि ये माझ्याकडे कायमची. इतकी वर्षं मी तिला काय सांगायचे? टाकीला रोज खायला घालावं लागतं गं, कशी येऊ. आता काय सांगू? — नाही, जायला काय, नातवंडं आहेत, वेगळी खोली आहे... भिंतीपलीकडे शिलाई मशीनची टकटक नाही तिथे, एवढंच. म्हणजे — सवय हो. दुपारी डोळा लागत नाही त्याशिवाय.

थांबा. वारा फिरला तसा वास येतोय खरा. पण टाकीकडून नाही, फाटकाकडून — काय ठेवलंय तिथे? बादली? शेण? गोठ्यावरून उचलून आणलंत, तुम्ही, या पांढऱ्या पँटीत? अहो, पण टाकी पुन्हा सुरू करायला ताजा शेणकाला लागतो, हे तुम्हाला सांगितलं कोणी? मी तर फक्त लेकीला, फोनवर...

म्हणजे भिंतीपलीकडे सगळं ऐकू येतं तर. सगळं? तुमच्याबद्दल तिला जे म्हणाले, तेही?

— ती बादली आत आणून ठेवा. आणि जा आता, दुकान उघडं टाकून आलात.