दोन कॅमेऱ्यांचा कौल

‘बघणारा मी. तू फक्त थांब.’

मंडळी, हा आवाज पंचावन्न वर्षांपूर्वीचा. जत्रेत एक फोटोवाला यायचा. तीन पायांची घोडी, तिच्यावर पेटी, पेटीवर काळं कापड आणि कापडात डोकं खुपसलेला माणूस. आठ वर्षांचा विश्राम मोर्ये समोर स्टुलावर बसलेला, केसांना तेल चोपडलेलं. फोटोवाल्याचा चेहरा काही त्याला दिसला नाही, कापडातून आवाज तेवढा आला. त्या दिवसापासून त्याच्या मनानं घेतलं – आपण स्टुलावरचे नव्हे, कापडातले व्हायचं. पुढे झाला काय, तर पोस्टमन. अकरा वाड्या, एकतीस वर्षं, पायी. कॅमेरा राहून गेला तो गेलाच.

आता आजचा प्रश्न. आपण देवापुढे उभे राहतो आणि विचारतो – देवा, हे करू की ते करू? पण आपल्याला अडलेलं असतं ते खरंच तेच असतं का? की अडलेलं एक आणि विचारतो दुसरंच? नाही, मान हलवू नका अजून. आधी ऐका, मान मागाहून हलवा.

तर हे विश्राममामा निवृत्त झाले आणि दोन वर्षांनी, वयाच्या बासष्टीला, म्हणाले – कॅमेरा घ्यायचा. मोबाईलचा नव्हे, खरा. पुढे नळी, आत आरसा, कानाशी ‘खटॅक’ वाजणारा. कुडाळात एक दुकान आहे. तिथं पूर्वा म्हणून एक मुलगी, चुणचुणीत, तोंडाची गोड. तिनं काचेवर दोन कॅमेरे मांडले. ‘काका, शिकणाऱ्यांसाठी हे दोन. ह्यातला कुठलाही घ्या, चुकणार नाही.’

कुठलाही घ्या! मंडळी, माणसाला घोळात टाकायचं असेल ना, तर एवढंच म्हणावं. मामा जे घोळात पडले ते सात महिने.

आपण त्या दोघांना थोरला आणि धाकटा म्हणू. थोरला अंगानं भरलेला, मुठीत नीट बसणारा. एकदा चार्ज केला की पाहुणे येऊन जातील, बारसं उरकेल, तरी बॅटरी शिल्लक. नवशिक्याला हाताला धरून शिकवणारा – ‘मागचं धूसर हवंय का? मग हे फिरवा.’ धावतं वासरू असो की उडता बगळा, नेम धरायला त्याच्याकडे ठिपके जास्त. पण पाठीवरचा पडदा भिंतीसारखा घट्ट, हलायचा नाही.

आणि धाकटा? वजनानं हलका. माणसाच्या कातडीचा रंग काढावा त्यानंच – सावळं माणूस सावळंच दिसतं आणि गोड दिसतं. त्याचा पडदा खिडकीच्या दारासारखा बाजूला उघडतो, वळतो, आणि त्यावर बोट टेकवलं की बोटाखालचं स्पष्ट होतं. पण बॅटरी अर्ध्यावर धापा टाकते, आणि नेम धरायचे ठिपके मोजून नऊ.

बरं, चित्रातले बारीक कण दोघांचे जवळपास सारखे. सोबतची नळी सारखी. आता सांगा. तुम्ही कोणता घ्याल? – बघा, पुढच्या रांगेत नवरा थोरला म्हणतोय, बायको धाकटा म्हणतेय. ह्यांच्याकडे आज जेवण उशिरा.

मामा सकाळी थोरल्याचे असायचे, दुपारी धाकट्याचे. मोबाईलवर व्हिडिओ बघायचे. एक दाढीवाला म्हणायचा, ठिपक्यांशिवाय अर्थ नाही. दुसरा दाढीवाला म्हणायचा, ठिपके कोण मोजतो, रंग बघा. मामा वहीत दोन रकाने आखायचे, भरायचे, खोडायचे.

दोन कवाडं ग उभी, दोन्हींत एकच ऊन
पाय घालू मी कोणात, गेली दुपार निघून

आणि दर पंधरवड्याला दुकानात फेरी. पूर्वा दर वेळी तोच प्रश्न विचारायची. ‘काका, फोटो कशाचे काढणार? त्यावर ठरतं सगळं. पक्ष्यांचे असतील तर हा. माणसांचे असतील तर तो.’

मामा म्हणायचे, ‘सगळ्यांचेच.’

‘सगळ्यांचे म्हणजे अजून कशाचेच ठरलं नाही, काका.’

मामा हसून उठायचे. कारण उत्तर त्यांच्याजवळ होतं, ते बोलवत नव्हतं. मंडळी, मी ते तुम्हांला सांगतो. पण त्यांच्या बायकोला ठाऊक नाही, तेव्हा आख्यान संपेपर्यंत तुम्हीही ओठ मिटून बसा.

कॅमेऱ्याचं मनात यायच्या आधी महिनाभर मामा डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते. एकटेच. डॉक्टरांनी एका यंत्रात डोकं ठेवायला लावलं, ठिपके दाखवले – दिसला की बटण दाबा. मामांनी दाबलं आपलं. यंत्रानं चित्र काढलं. डॉक्टर म्हणाले, ‘मोर्ये, काचबिंदू आहे. कडेची नजर बरीच गेलीय. गेली ती परत येणार नाही. रोज न चुकता थेंब घाला, म्हणजे उरलेली जमेल तेवढी राखू. आणि घरी सांगा.’

थेंब मामा घालायचे. गोठ्यात जाऊन घालायचे, बाटली पेंढ्याच्या मागे. घरी मात्र सांगितलं नाही.

का नाही? वाईट माणूस होता? छे. त्याची बायको जयवंती – तिच्या वडिलांना अंधत्व आलेलं. ती सात वर्षांची असल्यापासून त्यांच्या काठीचं पुढचं टोक हिच्या हातात. विहिरीवर, बाजारात, लग्नाला, मयताला. लंगडी खेळायची ती बाकीच्या मुलींनी, हिनं काठी धरायची. लग्न ठरताना कोणी विचारलं, ‘मुलगा पोस्टमन, चालेल?’ तर ही म्हणाली, ‘चालात. लांबसून पत्तो वाचता ना? माका नजरेचो माणूस होयो. काठी धरून माझो हात दुखलो.’

हे तिनं हसत सांगितलेलं. पुढे चारचौघांत कितीदा तरी सांगितलेलं. नवऱ्याचं कौतुक म्हणून सांगितलेलं. आता त्या नवऱ्यानं काय तोंडानं म्हणावं, की बाई, हात पुन्हा पुढं कर?

आता मामांना फोटो कशाचे काढायचे होते, ते कळलं ना? जे कडेनं निसटत चाललंय त्याचे. आणि मधोमध उरलेल्या त्या बाईचे. पण ते पूर्वाला सांगितलं तर गाव लहान आहे. म्हणून – ‘सगळ्यांचेच’.

इकडे घरात काय? मामा चौकटीला खांदा आपटायचे. बाजूला ठेवलेला तांब्या पायानं उडायचा. जयवंती म्हणायची, ‘लागलो परत. त्या कॅमेऱ्याच्या नादान डोळे फुटले काय तुमचे?’ मामा हसायचे. मंडळी, त्या हसण्याला मी काय म्हणू? तुम्हीच नाव द्या.

शेवटी जयवंतीला कंटाळा आला. ती म्हणाली, ‘माणसांका इचारून झाला, मोबाईलाक इचारून झाला. आता देवाक इचारूया.’

आपल्याकडे रीत आहे. गुरं हरवली, विचारा. सोयरीक करायची, विचारा. देवाच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, उजवी पडली तर एक, डावी पडली तर दुसरं. पण कॅमेऱ्यासाठी कौल? रवळनाथाच्या देवळात हे पहिल्यांदाच. सोमवारी सकाळी ही मंडळी जमली! शेतं सोडून जमली. काहींनी आपापसात पैजा लावल्या, हे मी देवळात बसून सांगतोय म्हणून नावं घेत नाही.

भिवा गुरवानं पाकळ्या लावल्या, हात जोडले आणि गाऱ्हाणं घालायला लागला.

‘बा देवा रवळनाथा, ह्या तुझा लेकरू विश्राम मोर्ये तुझ्या पायाकडे इला हा.’

सगळे म्हणाले – ‘होय महाराजा.’

‘दोन कॅमेऱ्यांच्या घोळात गावला हा.’

‘होय महाराजा.’

‘थोरलो घेवचो असात तर उजवी दी, धाकटो घेवचो असात तर डावी दी.’

‘होय महाराजा.’

आणि मग भिवा थांबला. मान वळवून म्हणाला, ‘विश्राम, कॅमेरो कित्याक होयो, ता सांग. गाऱ्हाण्यात घालूचा लागता.’

शेजारी जयवंती. मागे सारा गाव. समोर देव.

मनी एक मुखी एक, हाती फुलांचा तो भार
देव उभा ऐकावया, आणि बंद मुखद्वार

मामा म्हणाले, ‘असोच. हौस.’

‘हौस,’ भिवानं देवाला सांगितलं. ‘होय महाराजा,’ गावानं सांगितलं.

पाकळ्या काही पडेनात. पाच मिनिटं झाली, दहा झाली, अर्धा तास झाला. पोरं पेंगली. एक म्हातारा म्हणाला, ‘देवाक पण व्हिडिओ बघूचे लागतत वाटता.’ आणि तेवढ्यात पडल्या. उजवी आणि डावी. दोन्ही. एकदम.

देऊळ हसलं! ‘देवाक दोनय पसंत’, कोणी म्हणालं. जयवंतीनं कपाळावर हात मारला. मामा मात्र हसले नाहीत. भिवा तबक उचलता उचलता त्यांच्या जवळ आला आणि कानाशी म्हणाला, ‘मी चाळीस वर्षां पाकळ्यो लावतंय. गाऱ्हाणा अर्धा असला काय असाच होता. काय ता मी इचारणा नाय. तू बघ.’

थांबा. पेटीवाले, जरा सूर धरून ठेवा. इथं एक गोष्ट सांगायची राहिली. त्या कॅमेऱ्यात आरसा असतो म्हटलं ना? समोरचं दृश्य आरशावर पडतं, आरशातून वर चढतं, डोळ्याला दिसतं. पण ‘खटॅक’ झालं, की आरसा वर उचलला जातो आणि क्षणभर डोळ्यापुढे काहीच नाही. म्हणजे ज्या क्षणाचा फोटो, नेमका तो क्षण काढणाऱ्याला दिसत नाही. पूर्वानं हे सांगितलं त्या दिवशी मामांनी तेवढंच वहीत उतरवून घेतलं होतं. मलाही ह्याचा अर्थ पुरता लागलेला नाही. पण सांगावंसं वाटलं.

कौलाच्या दुसऱ्या दिवशी जयवंती म्हणाली, ‘मी येतंय दुकानात. आज काय तो निकाल.’

दुपारच्या एसटीनं दोघं कुडाळात उतरली. दुकानाच्या पायरीला मामांचा पाय अडखळला. ‘बघून चला,’ ती म्हणाली. पूर्वानं दोघांना खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, आणि पुन्हा ते दोघे काचेवर. थोरला. धाकटा. पुन्हा ठिपके, पुन्हा बॅटरी, पुन्हा पडदा. मामांनी वही काढली. त्यांना तर आता थोरला कोणता आणि धाकटा कोणता, हेही कळेनासं झालं होतं. बोलणं कानावरून जात होतं.

जयवंती उठली. तिनं थोरला उचलला. ‘हेच्यात बघूचा कसा?’

‘काकी, एक डोळा मिटा. दुसरा ह्या भोकाला लावा. हां. आता काकांकडे बघा.’

पूर्वा मामांच्या खुर्चीच्या बाजूला, हातभर अंतरावर उभी. जयवंतीनं डोळा लावला. उजव्या हातानं कॅमेरा, डाव्या हातानं पदर सावरलेला. बघत राहिली. मग म्हणाली, ‘गो बाय, तू गेलंस खंय?’

‘मी इथंच आहे, काकी.’

‘माका दिसणा नाय. हे एकटेच दिसतत. मधला तेवढा दिसता आणि कडेचा सगळा नायच.’ आणि डोळा न काढताच हसली. ‘असल्या भोकातसून बघून माणूस वाट कशी चालात?’

मंडळी, आता तुमचा जीव टांगणीला लागलाय, आणि मी इथंच थांबणार. आधी कॅमेऱ्याचं सांगून टाकतो, नाहीतर तुमचं अर्धं लक्ष तिकडे. त्यांनी धाकटा घेतला. सात महिने न ठरलेलं तीन मिनिटांत ठरलं. पूर्वाच म्हणाली, ‘आधी का नाही बोललात, काका? मग हाच. पडदा बाहेर काढा, दोघांनी मिळून बघा. कडेचं काकी सांगतील.’ ठिपके कोणी मोजले नाहीत.

आणि आता तुमच्याकडे वळतो. तुम्ही इथं कोणते दोन कॅमेरे घेऊन बसलाय? मुलीला पुण्याला पाठवू की रत्नागिरीला – घर विकू की ठेवू – भावाशी बोलू की नको? महिनोन्महिने रकाने भरताय. गुरुजींना विचारताय, शेजाऱ्याला विचारताय, पाकळ्या लावताय, आणि पाकळ्या दोन्ही पडतायत. मग म्हणता, देव बोलत नाही. अरे, देवानं बोलायचं कशावर? गाऱ्हाण्यात खरं घातलंय कुठं? आज घरी जाल, तर आधी एवढंच बघा – आपण जे विचारत नाही आहोत, ते काय आहे. आणि ते कोणापासून लपवलंय. बहुतेक ते माणूस ह्या क्षणी तुमच्या शेजारीच बसलेलं असेल. मी कोणाकडे बघत नाही, डोळे मिटून बोलतोय.

तर. दुकान. दुपार. काचेवर एकटा धाकटा. जयवंतीचा डोळा अजून भोकाला, तोंडावर हसू. विश्राममामांनी वही मिटली. खुर्चीचा हात धरून उठले. दोन पावलं पुढे आले, इतके की तिला त्यांच्या शर्टाच्या गुंड्यांपलीकडे काही दिसेना, तेव्हा तिनं कॅमेरा खाली घेतला. त्यांनी तिचा तो डावा हात धरला.

‘जयू,’ ते म्हणाले, ‘माका नेहमी असाच दिसता. वर्ष होवक इला. मी तुका सांगूक नाय.’